तिसरी प्रत

पावतीपुस्तकात तीन प्रती असायच्या.
पांढरी गुन्हेगाराला, गुलाबी हापिसात,
पिवळी पुस्तकातच.
पेन दाबून धरावं लागे,
नाहीतर पिवळीवर नुसता निळा धूर.

गुन्ह्याच्या रकान्यात जेमतेम तीन शब्द मावत.
थूकते पाया गया.
ठेला लगाया.
एकदा जिन्सीच्या नाक्यावर नुसतंच: बहस की.

इंदूर स्वच्छ होत होतं, खोटं कशाला बोलू.
रामबागेत आमच्या दारासमोरचा उकिरडा गेला,
आई म्हणाली, सुटलो बाई त्या वासातून.
मला तेव्हा छाती थोडी रुंद वाटली होती.

रोजच्या चाळीस पावत्या.
सदतीसवर अंधार पडला की साहेब
मागे न बघता म्हणत, पुराणिकजी, तीन और.
मग जीप पुलाखाली वळायची.
गाडीची काच खाली करून कागद भिरकावणारे
तिथे राहत नसत.

रमसू बामनिया. गाव जोबटच्या अलीकडे.
बंद दुकानाच्या पायरीवर, शेजारी फावडं.
काय लिहू, मी विचारलं.
लिख दो, बैठा पाया गया.
बरोब्बर तीन शब्द.

दोनशे रुपये. त्याच्याकडे साठ, आणि अर्धी विडी.
त्याने विचारलं, साहब, खडा रहता तो?
त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.
साहेबांना ती बहस वाटली.

एकशे एक्कावन्न लागली,
शांतता भंग होण्याची शक्यता.
आणि पुलाखाली तेव्हा अशी शांतता
की कार्बन सरकवलेला ऐकू आला.

चौथ्या दिवशी सुटला म्हणे.
फावडं राहिलं मालखान्यात,
दांड्याला माझ्याच अक्षरातली चिठ्ठी.
मी काही केलं नाही. अक्षर मात्र चांगलं काढलं होतं.

आता पेन्शन. आता गुडघे.
डॉक्टर म्हणतात, बसत बसत चाला.

परवा सराफ्याकडून येताना दम लागला,
एका बंद शटरच्या पायरीवर टेकलो.
लांब वळणावर पिवळी गाडी दिसली, नुसती दिसली,
कोणी मला काही म्हणालं नाही.
मी उठलो.
खिशातलं कार्ड चाचपलं,
चष्मा पुसल्यासारखं केलं,
आणि चालू लागलो भराभर,
कुठेतरी काम असल्यासारखा.