पान सत्त्याण्णव

सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे उरकले
तशी पोत्याला टेकून ते पुस्तक पुन्हा काढलं.
आत शिक्का अजून ठळक :
इयत्ता सहावी, धावणे, दुसरा क्रमांक.

दिगू होडी सोडतो ते पान आपसूक उघडलं.
तिथे बेदाण्याचा चिकट डाग.
तेव्हा मी त्याच्या मागोमाग
थेट समुद्रापर्यंत गेले होते,
आणि चित्रातल्या त्याच्या खाष्ट मावशीला
पेन्सिलीनं मिशा काढल्या होत्या.

आज कळतंय, चौतीस वर्षांची आहे ती.
माझ्याहून सात वर्षांनी लहान.
दिगू पळाल्यावर तिच्या वाट्याला
सबंध पुस्तकात एक ओळ :
‘मावशीने त्या रात्री दिवा मालवला नाही.’
लगेच पुढे मगर, भोवरा, मज्जा.

ही ओळ तेव्हा होती इथे?

साडेसात झाले.
शर्विल पोहायला गेलाय कृष्णेवर,
कालच कुणी म्हणत होतं, बंधाऱ्यापाशी मगर दिसली.
फोन उचलत नाही.

मिशा पुसायला गेले,
तर तिच्या गालावर माझं
हळदीचं बोट उमटलं.

यल्लाप्पा दिवे घालवायला आला.
म्हटलं, असू दे रे.
थांब जरा.