पाच वर्तुळं

कणकुंबीहून आलेलं कार्ड मी बाजूला ठेवते.
पाचातली दोन वर्तुळं अर्धीच,
एकात थेंबावर थेंब चढलेला,
कडेला पिवळट वलय. ओलं असतानाच पाकिटात घातलंय.
नाव कन्नडात: मालन गुरव यांचं बाळ, मुलगी,
वय बावन्न तास.

'बाद'चा शिक्का मारायला एक सेकंद.
त्या टाचेला पुन्हा सुई लागेपर्यंत
किती दिवस, ते शिक्क्याला माहीत नसतं.

बेळगावातून फोन लावते. कस्तुरव्वा सिस्टर म्हणतात,
"इथं भिंतीला बुरशी येतंय बघा, कागद कसं वाळंल?
स्टोव्हवर धरू काय?"
नको सिस्टर. स्टोव्ह नको, ऊन नको.
आडवं ठेवा चार तास, कुणाचा हात लागू देऊ नका.
त्या हसतात. "बाळंतिणीलापण हेच सांगतो की आम्ही."

बाळंतीण तर गेली माहेरी, चंदगडला.
राज्य बदललं, फोन लागेना,
नवरा गोव्यात, बेकरीत.

अकराव्या दिवशी दुसरं कार्ड.
सुट्टी टाकून, दोन बस बदलून सिस्टर गेल्या होत्या.
पाचही वर्तुळं भरलेली,
उलटून बघितलं तरी तेवढीच गडद.

यंत्र आकडा देतं. मोठा.
हात फोनकडे जातो, थांबतो.
आधी तेच रक्त पुन्हा, आणि शेजारी
ज्याचं उत्तर मला आधीपासून ठाऊक आहे, ते.

ठाऊक असलेलं बरोबर येतं.
मुलीचा आकडा तोच.

पहिल्याच रिंगला कस्तुरव्वा:
"नीट वाळलं होतं न्हवं?"