निळा कागद

इव्होने तेहतीस वर्षं कोळशाच्या खाणीत
छताला बोल्ट मारले.
सैल म्हणजे मरण, एवढं एकच शास्त्र.
खाण बंद पडून अकरा वर्षं झाली, पीळ गेला नाही.
घरातली बरणी तो अशी लावतो
की मुरंबा हवा असला तर
मला शेजारच्या थेरॉनला हाक मारावी लागते.

मग ही वीतभर उंचीची गाडी,
रिमोटवर दगड चढणारी,
हिचे स्क्रू तरी त्याच्या हातून कसे सुटावेत?
चारही स्प्रिंगा ताठ. दांड्यांचे गोळे
खोबणीत गच्च.
दगडावर घातली की ती
खांब दिसलेल्या कुत्र्यासारखी
एक पाय वर करते,
आणि तो पाय हवेत गरगरत राहतो,
कुणाच्याच कामाचा नाही.
"मोटर कमजोर," इव्हो म्हणतो.
दर महिन्याला म्हणतो. तीन मोटरी झाल्या.

मी कवळ्या बनवते.
प्राइस गावात, न्हाव्याच्या दुकानाच्या वर.
माझ्या टेबलावर पितळेचा एक जबडा आहे,
उघडतो, मिटतो, आडवा सरकतो.
कुठे टोचतं हे माणसाला विचारून कळत नाही,
माणूस सगळीकडे बोट दाखवतो.
दातांमध्ये निळा कागद धरायचा. चावा म्हणायचं.
निळं उमटेल तिथे कानस.
केसभर.
पुन्हा चावा.

मंगळवारी तो झोपल्यावर
गाडी ओट्यावर घेतली.
पुढच्या उजव्या चाकाखाली सार्डिनचा एक डबा.
बरं.
दुसरा डबा. मागचं डावं चाक उचललं.
म्हणजे सगळी मिजास दोन डब्यांचीच.

प्रत्येक सांध्यात निळा कागद सरकवला
आणि आस हाताने पिळला.
दांड्यांचे गोळे एकमेकांकडे पाठ करून बसले होते,
त्यांना फिरवून एका रेषेत आणलं.
चाक कमानीला घासत होतं,
कमान घासली, हिरडीची कड घासतात तशी.
शॉकमध्ये मधासारखं घट्ट तेल,
ते बशीत ओतून पातळ भरलं.
स्प्रिंगा बदलल्या, मऊ,
गाडी स्वतःच्या वजनानं अर्धी खाली बसेल अशा.
आणि सगळ्यात शेवटी सापडलं ते असं,
की स्टिअरिंगची वायर आखूड बांधलेली.
एवढा सगळा ताठा,
आणि खरं तर टाचेला दोरी होती.

तिसरा डबा. चौथा. पाचवा तिरका ठेवला.
चारही चाकं टेकलेली.
मी ओटा पुसला, सार्डिन कपाटात परत.

शनिवारी सॅन राफेलच्या उघड्या वाळूखडकावर
इव्हो रिमोट घेऊन उभा. खुबा बदलल्यापासून
तो गुडघे टेकत नाही,
म्हणून पोटावर झोपून बघायचं काम माझं.
खालून पाहिलं:
एक चाक भेगेत उतरलेलं, एक उंचवट्यावर,
मधलं धूड जवळजवळ सपाट,
जसं काही पायांचं भांडण वरपर्यंत पोचलंच नाही.
इव्हो काही बोलला नाही.
त्याने अंगठा हळू केला फक्त.

मग उभा कडा आला.
पुढची बाजू उठत गेली, उठत गेली,
स्प्रिंगा तिला अडवेनात,
आणि गाडी पाठीवर. चारही पाय आभाळाला.
मी वाट पाहिली, तो मोटर म्हणेल.
त्याने ती काठीने ओढून घेतली, वाळू फुंकली,
उलटी धरून बराच वेळ आत बघत राहिला.

रविवारी सकाळी
पुढच्या आसापासून सांगाड्यापर्यंत
मासे धरायची दोरी बांधलेली.
इतकं लांबायचं, पुढे नाही.
गाठ खाणीतली, मी ओळखते.
बाकी काहीच त्याने आवळलं नव्हतं.

टेबलावर मुरंब्याची बरणी.
झाकणावर निळा अंगठा उमटलेला.
इव्हो खिडकीबाहेर बघत होता,
बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

झाकण दोन बोटांनी उघडलं.