नमुना एक्केचाळीस

महापे एमआयडीसी, तिसरा मजला.
काचेच्या पेटीत नायट्रोजन, पेटीला दोन काळे हातमोजे,
आणि हातमोज्यांत माझे हात,
सकाळी नऊपासून दुसऱ्याच कुणाचे झालेले.

काचपट्टीवर थेंब. पट्टी गरगर फिरते.
मग शंभर अंशांच्या तव्यावर दहा मिनिटं,
की उरतो एक तपकिरी पापुद्रा
केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ.
शिसं, आयोडीन, ब्रोमीन,
नीट कालवलेलं, एका घरात राहणारं.

अंधारात.

निळा लेझर लावला की
पडद्यावरचं शिखर हलायला लागतं,
सहाशे सत्तरवरून सातशे चाळीसकडे, लालाकडे.
आयोडीन उठून आयोडीनपाशी जातं,
ब्रोमीन आपल्या वाटेनं,
जाळीतल्या रिकाम्या जागांमधून,
भांडण नाही, तंटा नाही,
लग्नाच्या मांडवात जेवणं उरकल्यावर
नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे
आपोआप वेगळे बसतात तसं.

कर्णिक मॅडम वहीत लिहितात: अस्थिर.
खाली रेघ.
ज्याच्यासाठी जन्माला घातलं तेच सोसवेना, म्हणतात,
आणि चहा सांगतात.

मी घणसोलीची.
माझा बाप, हाशा भोईर, खाडीकाठी मीठ पिकवायचा.
आयन हा शब्द त्याच्या कानावर कधी पडला नाही,
पण वाफ्यातलं पाणी आज धरेल की उद्या
हे तो टाचेच्या भेगांवरून सांगायचा.
ऊन मिठाला येगला करतं गो,
न रातची वल त्याला परत बोलवतं.
मी तेव्हा दहावीचं रसायन पाठ करत होते.
ऐकलं नाही धड.

शुक्रवारी भर दुपारी फीडर ट्रिप झाला.
लेझर विझला. पंपाची घरघर थांबली
आणि ती इतकी वर्षं चालू होती हे तेव्हा कळलं.
मी काळा पडदा ओढून दाराशी टेकून बसले.
आत, त्या पापुद्र्यात,
कुणी कुणाला बोलावलं असेल?

अकरा मिनिटांनी वीज आली.
पहिलीच नोंद: सहाशे बहात्तर.
जवळजवळ सगळे घरी.
वरचे दोन कुठे अडकले
ते ना यंत्र सांगतं, ना मॅडम.
वहीत अंधाराला रकाना नाही,
म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं:
दिवे नव्हते, अकरा मि.

बेचाळीसमध्ये पोटॅशियम घालू, मॅडम म्हणाल्या,
रिकाम्या जागा बुजल्या की
आयनांची ये-जा थांबेल.
थांबेल.
आमच्या आगरातही भराव पडल्यावर थांबलीच;
आता तिथे टॉवरची पार्किंग आहे,
पिवळ्या पट्ट्या, प्रत्येक गाडीला नंबर.

मी कागदावर पोटॅशियम आयोडाइड तोलते.
शून्य पूर्णांक शून्य आठ ग्रॅम.
पांढरं, खडबडीत.
बोटाला लावून चाखायची सवय
मोज्यांमुळे राहून जाते.