माळावर जाऊन येते

आंद्रूल्लाच्या बेटाचा व्हिसा मला नाकारला गेला,
बँकेचा एक शिक्का कमी पडला.
ती म्हणाली, चल, इथलंच एक बेट बघू.
फैलका, सालमियाच्या धक्क्यावरून तासाभराचं.
सिव्हिल आयडी दाखवला की झालं.

माझ्या डब्यात थालीपीठ, तिच्या डब्यात
दाताखाली कुईकुई करणारं पांढरं चीज.
दवाखान्यात ती लोकांचे गुडघे वाकवते,
मी रक्त काढते. सहा वर्षं एकाच लिफ्टमध्ये
आम्ही हवेवर बोललो होतो. फक्त हवेवर.

देवळाचं उरलेलं:
दोन खांबांच्या बैठका, गुडघाभर भिंत,
आणि सावलीचा तुकडा धरून बसलेला
सिल्हेटचा मन्नान मियाँ, पहारेकरी,
ज्याला अकरा वर्षांत उमगलेलं नाही
हे दगड चोरणार कोण, आणि नेणार कुठे.

सिकंदराचे सैनिक इथे उतरले
तेव्हा त्यांनी या सपाट वाळूला
आपल्याकडच्या एका बेटाचं नाव दिलं. इकारोस.
"ना डोंगर, ना द्राक्षं," आंद्रूल्ला हसली,
"दिसलं तरी काय त्यांना?"

मला हसू आलं नाही.
अब्बासियात आमच्या इमारतीमागे एक बोळ आहे,
तिथे वाळकं शेवग्याचं झाड.
आम्ही चौघी त्याला माळ म्हणतो.
"माळावर जाऊन येते" म्हणायचं
आणि कचऱ्याची पिशवी टाकून यायचं.

त्यातल्या एकाने दगड कोरवून ठेवला होता.
तो आता शहरात, संग्रहालयात.
मजकूर तिने सांगितला:
अमका, अथेन्सचा, आणि त्याचे शिपाई,
तारणाऱ्या देवांना.
बस्स, इतकंच.
पट्ट्यावर बॅग यायच्या आत
आपण घरी जे कळवतो, तेवढंच.

पुढे गाव लागलं. नव्वद साली रिकामं केलेलं,
परत कुणी राहायला आलं नाही.
बँकेच्या तोंडावर गोळ्यांचे देवीचे व्रण.
शाळेच्या पायरीवर उंटाची लेंडकं.
मी फोटो काढत होते.
ती एका दारापाशी थांबली.
दार नुसतं लोटलेलं, आत छपरातून ऊन पडलेलं,
तरी तिने कडी वाजवली.
थांबली.
पुन्हा वाजवली.

"आमच्या गावाला तारेचं कुंपण आहे," ती म्हणाली.
"समुद्रकाठचं गाव. दुरून दिसतं सगळं.
मी सहा वर्षांची होते.
आईने भट्टीत भांडं ठेवलं होतं,
म्हणाली, दोन दिवसांत येऊच की."

माझं गाव जागच्या जागी आहे.
दिवसातून दोनदा एसटी जाते.
मीच नाही तिथे, एवढंच.
पण हे तिच्यासमोर काढण्यासारखं नव्हतं.
मी दोन्ही डबे धरून उन्हात उभी राहिले.
मन्नान मियाँने लांबून हात केला: बोट सुटेल.

परतताना अर्ध्या समुद्रात रेंज आली.
भावाचा मेसेज सकाळपासून येऊन पडलेला.
व्हिसाचं त्याला मी बोललेच नव्हते.
"सायप्रसला पोचलीस का?"

आंद्रूल्ला शेजारी झोपली होती, तोंड उघडं,
मांडीवर थालीपीठाचा उरलेला चतकोर.
मी लिहिलं:
पोचले. सुखरूप.