एरॉलचा ट्रेलर

रुंदी किती, बॅझिलने विचारलं.
मी खिशातून सुतळी काढली.
लांबची गाठ रोलरची,
जवळची, आतल्या दांड्याच्या जाडीची.
तो हसला नाही. मोजपट्टी लावली:
दोनशे, आणि सोळा.
सोळाचा दांडा, तर भोक सतराचं घे, एल्वा.
घट्ट बसलेला रोलर म्हणजे नुसता ठोकळा.

हे मला शिकवायला नको होतं.
एकतीस वर्षं ह्युऑनच्या काठी, पॅकिंग शेडमध्ये,
रोलरवरून गडगडत येणारी सफरचंदं निवडली मी.
एखादा अडला की डोळ्यांआधी कानाला कळायचं,
आणि त्या दिवशीच्या पेट्यांत
एकाच जागी दुखावलेली फळं.

भावाच्या ट्रेलरखाली मात्र कधी वाकले नव्हते.
एरॉल कुणाला हात लावू देत नसे.
गेल्या जूनमध्ये तो गेला.
परवा गवतात पाठ टेकली, विजेरी दातांत धरली
आणि पाहिलं:
पाचातले तीन गंजून दांड्याला चिकटलेले,
एक वरून सपाट, झिजलेल्या टाचेसारखा.
त्याच्या बरोबर वर, होडीच्या कण्यात, खाच.
बोट मावेल एवढी.
अकरा वर्षं त्याने तिला फरपटत पाण्यात नेली
आणि शिव्या दिल्या विंचला.

बॅझिलने काउंटरवर तीन मांडले.
काळा रबरी: स्वस्त, पण पांढऱ्या रंगावर
काजळाची रेघ ओढणारा.
निळा नायलॉनचा: टणक, थंडीत तडकतो.
आणि मधाच्या रंगाचा, पॉलियुरेथेनचा,
खिडकीसमोर धरला की आत उजेड अडकून राहतो.
किंमत दुप्पट.
विकायचीच आहे ना, तो म्हणाला, मग काळे लाव.
होबार्टचा डॉक्टर येणार आहे रविवारी;
ह्युऑन पाइनची जुनी होडी हवीय त्याला,
फोनवर वासाबद्दलच बोलत होता.

मी पाच मधाचे घेतले.
दांडे नवे, जस्ताचा मुलामा दिलेले. पिना. ग्रीसचा डबा.
का, ते त्याने विचारलं नाही
हे बरं झालं.

जुने दांडे घणाला दाद देईनात, करवतीने कापले.
होडी जॅकवर वीतभर उचलून, एकेक.
वजन कण्यावर येऊ दे, बॅझिलने बजावलं होतं,
बाजूच्या फळ्या फक्त तोलापुरत्या,
त्यांच्यावर टेकली तर पोट दबतं तिचं.
म्हणून मधला एक भोक वर घेतला,
गाल मातीला लावून सगळे एका रेषेत आणले,
हाताने फिरवले.
आवाज नाही.
शेडमधली मुकादमीण असती तर सही केली असती.

आणि हूक शेवटी सोड, हेही तो म्हणाला होता,
होडी तरंगल्यावरच. नवे रोलर आहेत.

आज गुरुवार. भरती साडेदहाला.
उतारावर ट्रेलर मागे घेतला चाकं बुडेपर्यंत,
हूक सोडला,
आणि खांदा लावायला वळले,
एरॉल लावायचा तसा, मान खाली घालून.
ती निघालीच होती.
पाची रोलर फिरले एकामागून एक,
आधी मागची बाजू पाण्यात, मग नाक,
आणि मी कमरेपर्यंत गारठ्यात,
हातातला दोर सैल, मग ताठ.

कुणी पाहिलं नाही. एक कुत्रा सोडून.

कण्यातली खाच आता पाण्याखाली आहे.
डॉक्टरला दाखवावी लागेल,
विकली तर.