कितीले?

अंगणात दोन बाजा जोडल्या,
वर सतरंजी टाकली शाळेतून मागून आणलेली
आणि खडूने रेघ मारली, सहा बाय तीन.
नागपूरच्या प्रदर्शनात एवढंच टेबल मिळणार आहे.
एवढ्यात मावायला हवं सगळं :
तळ्यावरचे बगळे, बांधीतली बाई,
सारस जोडीने तीन, एकटा एक,
आणि ते मोठं, मोहफुलं वेचणाऱ्या हातांचं,
उभं केलं की मागचं काही दिसतच नाही.

काल वारा सुटला
तर अर्धं दुकान कोंबड्यांच्या अंगावर.
मग कपड्यांचे चिमटे आणले डझनभर.
आता सारस दोरीवर लटकतात
धुतलेल्या सदऱ्यांसारखे.

बाबा वडशाच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे :
राजवाडा, तुरुंग, गावची वाट, जंगल.
फ्लेक्स आले, तेव्हा जंगल घरी परतलं.
कडा उंदरांनी खाल्ल्या.
उरलं त्याचे मीच तुकडे केले, फूट-फूटभर,
कोऱ्या बाजूला चुना आणि डिंक दिला.
माझ्या दर चित्राच्या पाठीवर
बाबांच्या झाडाची एखादी फांदी आहे.
गिऱ्हाईक उलटून पाहील का?
पाहिलं, तर किंमत वाढेल की उतरेल?

किमतीच्या चिठ्ठ्या तीन दिवस कोऱ्या.
रंग, कुंचले, एसटी, टेबलाचं भाडं
वहीत मांडून झालं.
प्रशिक्षणातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, तास धरा.
रोवणीच्या मजुरीने तास धरले
तर एकटा सारस नऊशेला गेला!
मीच दचकले. खोडलं. चारशे.
मग रात्री उठून साडेपाचशे.

क्यूआरचा कागद भाच्याने पुठ्ठ्यावर चिकटवून दिला.
बँकेत माझं नाव चुकलंय,
म्हणजे चित्रं निरुताची
आणि पैसे निरूपाला.
असू दे. ती पण मीच असेन कुठेतरी.

पुस्तकला काकू गिऱ्हाईक झाली, तालमीपुरती.
नवऱ्याचा चष्मा लावून
बाजेसमोरून दोनदा नुसतीच गेली.
तिसऱ्यांदा थांबली.
"कितीले?"
माझ्या तोंडून शब्द निघेना.
"तुमीच सांगा ना, काकू."
"असं म्हनशीन त फुकटात नेतीन लोक!
वांगे विकतो तवा लाजतो का आपन?"

पुन्हा गेली, पुन्हा आली.
"कितीले?"
"साडेपाचशे."
"तीनशेले देतं का?"
"नाई."
"काऊन नाई?"

याचं उत्तर मॅडमनी शिकवलं नव्हतं.
मी सारसाच्या मानेकडे पाहिलं.
ती वळवायला मला चार दिवस लागले होते,
पण हे सांगायचं कसं, आणि सांगायचं का?
काकू चष्म्यावरून पाहत उभी.
"हां," म्हणाली, "अशीच गप राह्य. हेच बरं हाये."

संध्याकाळी तणसात चित्रं बांधली,
दोन चित्रांमध्ये एक जुनं लुगडं.
रेवनाथच्या दुकानातून दहाच्या नोटा आणल्या,
मोजून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.
मोठ्याला पोतं पुरेना, दोन उसवून एक शिवलं.
कंडक्टर विचारेल, काय हाये यात?
हात हायेत म्हटलं तर उतरवूनच देईल.

दिवा मालवणार, तेवढ्यात काकू पुन्हा.
या वेळी चष्मा नव्हता.
"ते बांधीतली बाई दाखव एकदा."
मी तणीस सोडलं.
तिने कंदिलासारखा मोबाइल धरला,
खूप वेळ धरला.
"हे मीच हावो ना?"
मी मान हलवली.
"लुगडं त बराबर काढलं. गुडघ्यापाशी फाटलेलं पन काढलं."

आता ती रागावेल, असं वाटलं.
ती खाली वाकली,
चिमट्याला लटकलेली चिठ्ठी उजेडात उलटीपालटी केली,
एकदा इकडून, एकदा तिकडून.

"मले नागपूरले नेऊन रायली
त सांग तरी, पोरी,
मी कितीले?"

पाचची बस आहे.
चिठ्ठी कोरी,
आणि पेन काकूच्या हातात.